उजवं वळण टाळताना

आवाज पहिल्यांदा मीच ऐकला, आणि ऐकल्या ऐकल्या ठरवून टाकलं की हा कुणाला सांगायचा नाही.

आमच्या दुकानासमोर गाडी वळवत होते. मागे पडद्यांचे गठ्ठे आणि लोखंडी दांड्या ठासून भरलेल्या. स्टिअरिंग पार उजवीकडे नेलं, जरा रेस दिली, आणि पुढच्या डाव्या चाकापाशी कट-कट-कट-कट सुरू झालं. आधी वाटलं, दांड्या वाजतायत. म्हणून दांड्या उतरवल्या आणि रिकामी गाडी पुन्हा वळवली. कट-कट-कट. सरळ चालवली की गप्प, डावीकडे वळवली की गप्प. म्हणजे हे दुखणं सांध्याचं. एवढं मला कळतं हो! माझे सासरे जन्मभर गाड्यांखाली झोपले, त्यांची मुलगी अजून झोपते. या घरात नांदणाऱ्या बाईला मीठ-मसाल्याच्या डब्यांइतकाच ड्राइव्हशाफ्ट पाठ असतो. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा फिरता दांडा तो ड्राइव्हशाफ्ट, आणि चाक वळलं तरी दांडा न अडता फिरावा म्हणून त्याच्या टोकाला बसवलेला सांधा, तो सीव्ही जॉइंट. वरून रबरी बूट चढवलेला असतो, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि मग सांधा असा वाजायला लागतो.

घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते ऐका. नवऱ्यानं लगेच बहिणीला फोन लावला असता. बहीणबाई, म्हणजे माझी धाकटी नणंद, डोंगरापलीकडच्या तिच्या गॅरेजातून पाने-हातोड्या घेऊन धावत आली असती. आणि माझी मुलगी सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिच्यासोबत गाडीखाली. जेवायला हाक मारली की दोघींचे फक्त पाय दिसणार आणि आतून उत्तर येणार, "आलोच!" येत कुणी नाही.

म्हणून मी वळणंच टाळायला लागले. दुकानापुढे गाडी फिरवायची सोडली, पाण्याच्या टाकीला मोठा वळसा घालून यायची. पार्किंगमध्ये दोनदा मागेपुढे करून लावायची, पण स्टिअरिंग पुरतं उजवीकडे नेणार नाही म्हणजे नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "काय हो, गाडी चालवायला नव्यानं शिकताय का?" म्हटलं, हो, शिकतेय. तुमचं काय जातंय?

मला गाड्यांचं वावडं नाही. हात काळे झाले, नखांत ग्रीस गेलं, याचंही काही नाही. मला वावडं आहे ते नणंदेचं. सरळ सांगते, उगाच गोड कशाला बोलू? माझ्या मुलीला मी भुंगा म्हणते, लहानपणापासून. काम करताना सारखी गुणगुणते म्हणून. नणंद तिला उस्ताद म्हणते. आणि ही उस्ताद म्हटल्यावर जशी वळून बघते तशी भुंगा म्हटल्यावर बघत नाही. आत्याचा फोन आला की बाल्कनीत जाते आणि दार लोटून घेते. मी विचारलं काय म्हणत होती आत्या, की "काही नाही गं, गिअरबॉक्सचं." अर्धा तास गिअरबॉक्सचं? आणि मग आतल्या आत हसत फिरते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आता तर हद्दच झाली होती. मुलीचं शिक्षण संपलं, इथल्या एका चांगल्या कंपनीत जागा मिळत होती, घरून जाऊन-येऊन करता आलं असतं. तर नणंदेनं फोन केला, "उस्ताद, माझ्याकडे ये. आठ दिवस राहून बघ. जमलं तर कायमची ये, दोघी मिळून गॅरेज चालवू." कायमची! जशी काही माझी मुलगी म्हणजे दुकानातला पाना, मागितला की दिला.

मुलीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "आठ दिवस जाऊन बघते, मग ठरवते," म्हणाली. त्यावर आमच्या ह्यांना नको ती अक्कल सुचली. म्हणाले, "आपली गाडी घेऊन जाऊ दे तिला. म्हणजे मनात आलं की परत निघता येईल." मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नाही म्हणावं तर कारण काय सांगू? मनात म्हटलं, असू दे, निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गुपचूप नेते आणि सांधा बदलून आणते. नणंदेच्या हाताला लागायच्या आत.

पण ती बया एक दिवस आधीच हजर. गॅरेजचं कसलंसं सामान घ्यायला म्हणे शहरात आली होती, स्वतःची पिकअप घेऊन. "म्हटलं, उस्तादला सोबतच घेऊन जाते. मी पुढे, ती मागे." चपला काढायच्या आधी तिनं अंगणात उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला. मला "वहिनी, बरी आहेस ना?" ते त्यानंतर.

सकाळी न्याहारी झाली आणि तिनं फर्मान काढलं, "डोंगर चढायचाय. आधी गाडी खालून बघायची."

नणंदेची एक रीत आहे, सासऱ्यांपासूनची. गाडीला हात लावायच्या आधी ती रोज चालवणाऱ्याला विचारते, गाडी काय म्हणते. आणि तो जे सांगेल ते खरं धरते. तिचं म्हणणं, रोज चालवणाऱ्याच्या कानावर विश्वास नसेल तर पाना उचलूच नये. गिऱ्हाईक तिच्यावर एवढं जीव टाकतं ते त्यामुळेच.

"वहिनी, काय म्हणते गाडी?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"वळताना काही वाजतं? हादरे बसतात?"

"नाही गं."

मुलगी जॅक लावत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

नाहीतर नणंदेनं गाडी मैदानात गोल-गोल फिरवायला लावली असती, सोबत चालत कान लावला असता. पण वहिनी नाही म्हणते म्हणजे नाही. तिनं चहाचा कप उचलला आणि पायरीवर बसली. "उस्ताद, आज मी वाकून बघणार नाही. तू बघ आणि तू सांग. तू सांगशील ते शेवटचं."

परीक्षाच होती ती. तिघींनाही कळत होतं.

मुलीनं गाडी उचलून खाली स्टँड लावले, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे दिले, पुढची चाकं काढली. टॉर्च धरायला मला बोलावलं. उजव्या बाजूला ती दांडा हातात धरून पुढेमागे पिळून बघत होती, बुटाची एकेक घडी बोटानं उलगडत होती. तो बूट म्हणजे पडद्याच्या चुण्यांसारखाच असतो, चीर घडीच्या आत लपते, वरून दिसत नाही. एवढी मन लावून बघत होती की मला तिचा अभिमान वाटला, आणि हे सगळं तिला कुणी शिकवलं ते आठवून लगेच रागही आला. "उजवीकडे आतला-बाहेरचा दोन्ही बूट ठीक," तिनं ओरडून सांगितलं. नणंदेनं नुसती मान हलवली.

मग आम्ही डावीकडे आलो.

काढून ठेवलेल्या चाकाची आतली बाजू ग्रीसनं बरबटलेली. मी टॉर्च धरला, तिनं बुटाची घडी बोटानं ताणली, आणि चीर अशी उघडली की आतला सांधा दिसला. काळं, वाळूनं खरखरीत झालेलं ग्रीस. तिनं बघितलं. मी बघितलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं की हिला सगळं माहीत आहे. आवाज हिनंही ऐकलाय. पाण्याच्या टाकीला मी वळसा का घालते तेही हिनं बघितलंय, आणि का ते ओळखलंय.

तिनं शांतपणे फडकं घेतलं आणि चाकावरचं ग्रीस पुसून काढलं. बूट पुसला. मग मान बाहेर काढून म्हणाली, "डावीकडेही ठीक. सांधा घट्ट आहे."

"शाबास," नणंद म्हणाली. "लाव चाकं आणि बॅग टाक."

काय सांगू मला काय झालं! माझी! माझी आहे ती! आत्यापुढे, आत्यानं घेतलेल्या परीक्षेत, माझ्यासाठी खोटं बोलली पोर. वाटलं, नणंदेच्या समोर जाऊन नाचावं. उस्ताद म्हण आता, कितीदा म्हणायचं ते म्हण.

तेवढ्यात मुलीचा चेहरा दिसला. ती चाकाचे नट आवळत होती, पण गाडीकडे बघत नव्हती. गाडीशी एवढी गुलूगुलू बोलणारी मुलगी, आणि आता कुणाच्या तरी घरात चोरी करून निघावं तशी मान फिरवून काम करत होती. आणि मला तो डोंगर आठवला. चढावर सांधा तुटला तर इंजिन ओरडत राहतं आणि चाक ढिम्म. मागून ट्रक येत असतात. ती हे सगळं माझ्यापेक्षा जास्त जाणते, आणि तरी याच गाडीत बसून निघणार होती. माझी अब्रू झाकायला.

गाडी जमिनीवर टेकली. मी टॉर्च पायरीवर ठेवला, चावी घेतली आणि गाडीत बसले.

"आई, काय करतेस?"

मी स्टिअरिंग उजवीकडे नेलं, पार अडेपर्यंत, आणि रेस दिली. कट-कट-कट-कट. अख्ख्या अंगणाला गोल फेरा मारला. कुंड्या वाचल्या हे नशीब. हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून खिडकीत आले.

नणंदेनं कप खाली ठेवला. जवळ आली, आडवी झाली आणि चाकामागे हात घातला. बोट बाहेर काढलं, ग्रीस चिमटीत चोळलं, आणि ती चिमूट मुलीच्या नाकासमोर धरली.

"हे दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

मुलीनं ग्रीसचं फडकं मुठीत आवळलं.

"बॅग परत घरात ने," नणंद म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "ज्याला दिसत नाही त्याला मी शिकवीन. दिसूनही ठीक म्हणणाऱ्याला मी काय शिकवू? लोक पोराबाळांना घेऊन बसतात त्या गाड्यांत. माझ्या गॅरेजात तुला जागा नाही."

घ्या. जे हवं होतं ते सगळं आयतं पदरात पडलं. मी फक्त गप्प बसायचं होतं. मुलगी घरी राहिली असती, कंपनीत गेली असती, आत्याचे फोन बंद झाले असते. आणि मुलगी तर माझं नाव घेणारच नव्हती. मान खाली घालून उभी होती, तेच फडकं मुठीत धरून.

मला तिच्याकडे बघवेना.

"तिला काय बोलतेस?" मी गाडीतून उतरून ओरडले. "मला बोल ना! गाडी रोज कोण चालवतं? तू कुणाला विचारलंस? मी सांगितलं ठणठणीत आहे म्हणून. मला केव्हापासून माहीत आहे ते वाजतंय!"

"तुला माहीत होतं?" नणंद माझ्याकडे बघतच राहिली. "वहिनी, वेळेवर सांगितलं असतंस तर तेव्हाच सांधा बदलून टाकला असता. का नाही सांगितलंस?"

"तू येशील म्हणून!"

खिडकीतून हे हळूच आत सरकले.

"तू आलीस की ती माझी राहत नाही," मी म्हटलं. आता सुटलंच होतं तोंड. "मी जन्म दिला, मी वाढवली, आजारपणं काढली. तू वर्षातून चार वेळा येतेस, तिला पाठीवर निजवून गाडीखाली नेतेस, आणि ती तुझी होते. जळते मी तुझ्यावर. घे, ऐक. जळते."

मला वाटलं, आता नणंद फाडून खाईल. तिनं ते केलं नाही. सुट्या टायरवर जाऊन बसली आणि ग्रीसचं बोट त्यालाच पुसायला लागली, पुसून झालं तरी पुसतच राहिली.

"दिसेल ते सांगायचं," ती म्हणाली. "बाकी सगळं नंतर शिकवलं, हे पहिलं. एवढी वर्षं शिकवलं. आणि तू एकदा नुसतं बघितलंस तिच्याकडे, तर ते गेलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्यासाठी कुणी कधी ग्रीस पुसलं नाही गं, वहिनी. जळायचं तर मी जळायला पाहिजे."

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला बरं वाटलं. अगदी गार वाटलं. ती रडवेली झाली होती आणि मला गार वाटत होतं, अशी मी.

"झालं दोघींचं?"

मुलगी बोलली होती. फडकं तिनं जमिनीवर आपटलं.

"मी काय वाटणीला निघालेलं भांडं आहे? आत्या घरी आली की आई फुगणार. आईचा विषय निघाला की आत्या तोंड वाकडं करणार. फोनवर बोलायचं तर दार लोटून बोलायचं. गाडी वाजली तर वाजली म्हणायची सोय नाही! मी खोटं बोलले ते आईसाठी नाही बोलले, आत्या. तुमचं हे ऐकायला लागू नये म्हणून बोलले. आणि आता ऐकलंच सगळं." ती धापा टाकत होती. "चूक केली. डोळ्यांनी बघून चूक केली, ते मला कळतं. तू नको म्हणालीस तर दुसऱ्या गॅरेजात जाईन. पण हेच काम करणार. आणि हा सांधा मी बदलणार. आत्ता. कुणी हात लावायचा नाही."

माझ्यासाठी नाही बोलली. एवढा वेळ ज्यावर मी नाचत होते ते पायाखालून सरकलंच की.

सांधा तिनंच बदलला. हे तोंड पुसून मुकाट्यानं स्पेअरच्या दुकानात जाऊन नवा सांधा, बूट, ग्रीस सगळं घेऊन आले. मुलीनं मधला मोठा नट सोडवला, चाकाकडचं सगळं बाजूला ओढलं, आणि जुना सांधा हातोडीनं ठोकून दांड्यावरून उतरवला. नव्यात बोटानं दाबून दाबून ग्रीस भरलं, बुटाच्या दोन्ही तोंडांना पट्ट्या आवळल्या. नणंद पायरीवर हाताची घडी घालून बसली होती. मध्येच एकदा तिचा हात आपोआप पुढे गेला, पट्टी तिरकी बसत होती. मुलीनं नुसतं बघितलं. हात मागे आला. मग तिचं तिलाच दिसलं आणि तिनं पट्टी सोडून परत बसवली. मी टॉर्च घेऊन उभी होते, पण या वेळी तो तिनं मागितला नाही. डोक्याला बांधायचा दिवा लावला होता.

काम झाल्यावर मुलीनं स्वतः उजवीकडे, डावीकडे फेरे मारले. काही वाजलं नाही. मग उतरून आत्यासमोर उभी राहिली.

"बघून घे," म्हणाली. "माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

नणंद वाकली. बराच वेळ बघत होती. उठून म्हणाली, "उद्यापासून महिनाभर फक्त सुटे भाग धुवायचे. पान्याला हात लावायचा नाही. पुढचं पुढे बघू."

"चालेल."

"आणि आठ दिवस राहून बघते म्हणाली होतीस..." मी मध्येच बोलले.

"आठ दिवस नाही, आई. मी राहायला जातेय." तिनं मला जवळ घेतलं, काळे हात माझ्या पाठीला लागू नयेत म्हणून बाजूला धरून. "गाडी आठ दिवसांत परत आणून देते, आणि मग दर महिन्याला मी येऊन ती बघणार. मी विचारलं की खरं सांगायचं. आत्याला नाही, मला."

मी मान हलवली.

आत्याची पिकअप पुढे आणि ही मागे, असं ठरलं होतं. हिनं बॅग मागच्या सीटवर टाकली, काच खाली केली आणि म्हणाली, "आत्या, तू सावकाश ये. मला रस्ता माहीत आहे." आणि फाटकातून निघून गेली. नणंद हातात पिकअपची चावी घेऊन तशीच उभी. मी शेजारी.

"गेली की गं," ती म्हणाली. "दोघींच्या हातातून."

"तुझ्याकडेच तर चाललीये!" मी फणकारले.

"माझ्याकडे कुठे? कामाकडे चाललीये. मी उगाच समजत होते माझ्याकडे येते म्हणून."

तिचं नाक लाल झालं होतं. बाल्कनीच्या लोटलेल्या दारामागून हसण्याचा आवाज आला की मी अलीकडे जशी उभी राहते, तशी उभी होती ती. मी पदर पुढे केला, तिनं त्याला नाक पुसलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या शेजारी उभं राहून माझ्या पोटात दुखलं नाही.

म्हणजे, थोडं दुखलं. जेवायला तर लेक हिच्याचकडे असणार होती.